हवाकाकांची सर्दी

हवाकाका हवेचा धंदा करतात, असं लोक थट्टेने म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची एक लांबट खोली होती. तिच्यात एक जुना कॉम्प्रेसर, भिंतीला टेकून उभे केलेले सिलिंडर, एक डुगडुगती खुर्ची आणि त्या खुर्चीत काका. समुद्रात मासे बघायला उतरणारे पाहुणे पाण्याखाली जी हवा घेत, ती या खोलीत भरली जाई. पाहुण्यांना याचा पत्ताही नसे. त्यांना वाटे, हवा काय, असतेच.

बंदरापासून बोटीने थोडं पुढे गेलं की प्रवाळाचा लांबच लांब पट्टा होता. तिथे मासेमारीला बंदी होऊन बरीच वर्षं झाली होती आणि एक राखणदार आपली वेगवान बोट घेऊन दिवसभर तिथे घिरट्या घालत असे. या बंदीचा परिणाम असा झाला की तिथले मासे वाढले, माजले आणि माणसाला भीक घालेनासे झाले. माणसाच्या छातीइतक्या रुंद तोंडाचे गोब्रे मासे कपारीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत, आणि शार्क तर असे फिरत, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. हे बघायला लांबून लांबून लोक येत. काका तरुणपणी याच लोकांना पाण्याखाली घेऊन जायचे. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. पाठीवर सिलिंडर घेऊन बोटीची शिडी चढता येईना, तेव्हा ते पाण्यातून उठून या खुर्चीत येऊन बसले. गाइडचं काम मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीने घेतलं. बापानेच शिकवलं होतं तिला, आणि बापापेक्षा ती जास्त चांगली निघाली. हे काका सगळ्या गावाला सांगत, फक्त तिला सोडून.

खुर्चीत बसल्यावर काकांना आपल्या नाकाचा शोध लागला. भरलेल्या प्रत्येक सिलिंडरची चावी किंचित सोडायची, फस्सकन आलेली हवा हुंगायची, थोडी जिभेवर घ्यायची आणि मान हलवायची. तेलाचा अंश असो, रबराचा असो, धुराचा असो, काकांना लगेच कळे. एकदा त्यांनी हवा हुंगून सांगितलं होतं की बोटवाल्याने पाइपाजवळ उभं राहून विडी ओढली आहे. बोटवाल्याने आधी कानावर हात ठेवले आणि मग कबूल केलं. तेव्हापासून काकांचा शब्द हा शेवटचा शब्द झाला. काकांनी मान हलवल्याशिवाय धक्क्यावरचं कुणीही सिलिंडरला हात लावत नसे.

आता त्या खोलीची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॉम्प्रेसरचं इंजिन डिझेलवर चाले. त्याचा धूर मागच्या भिंतीतून जमिनीच्या बाजूला सोडलेला होता आणि हवा ओढणारा पाइप पुढे, समुद्राच्या बाजूला, उंच नेलेला होता. वारा बहुतेक समुद्राकडूनच येई, म्हणून ही सोय. कधीमधी वारा फिरला तर मागचा धूर पुढच्या पाइपाशी यायची भीती. म्हणून पाइपाच्या टोकाला एक फडकं बांधलेलं होतं. फडकं उलटीकडे उडायला लागलं की इंजिन बंद करायचं, इतका साधा नियम. पण काकांनी त्या फडक्याकडे बघायचं केव्हाच सोडून दिलं होतं. फडक्याला कळायच्या आधी मला कळतं, असं ते म्हणत. आणि खरोखर कळायचं, तिथेच तर सगळा घोटाळा होता.

मध्यंतरी, पाहुण्यांना पाण्याखाली नेण्याचा हा सगळा व्यवसाय ज्यांचा होता त्या मालकीणबाईंनी हवा तपासायचं एक छोटं यंत्र आणलं. धुरातला जो वायू माणसाचा जीव घेतो त्याला स्वतःचा वास नसतो, नाकाला कळतो तो त्याच्याबरोबरचा धूर, यंत्राला मात्र तो वायूच कळतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. काका त्या यंत्राकडे घरात सवत आल्यासारखे बघत राहिले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, की ज्या दिवशी हे नाक चुकेल त्या दिवशी मी ही खुर्ची सोडीन. मालकीणबाई हसल्या आणि विषय संपला. काही आठवड्यांनी यंत्राची बॅटरीही संपली. ती बदलायचं बाकी सगळे विसरले. काकांच्या लक्षात होतं, पण ते मूग गिळून बसले.

आणि मग काकांना सर्दी झाली.

साधी सर्दी. रात्री वाफ घेतली, सकाळी पुन्हा घेतली, तरी नाक चोंदलेलं ते चोंदलेलंच. चहा तोंडात घेतला तर नुसतं गरम पाणी. काकू म्हणाल्या, आज जाऊ नका. या काकू घरी शिलाई मशिनवर डायव्हरांचे फाटलेले रबरी पोशाख सांधून देत, आणि नवऱ्याला न विचारता सल्ला देण्याची त्यांना सवय होती. काका म्हणाले, शिंकेला घाबरून घरी बसायला मी काय लहान मूल आहे? आणि निघाले.

खरं कारण वेगळं होतं. नाक बंद आहे असं एकदा कबूल केलं की लगेच कुणीतरी खणातून यंत्र काढणार, त्यात बॅटरी घालणार, आणि ते यंत्र बिनचूक चालणार. मग नाकाची गरज ती काय राहिली? काकांना त्या यंत्राची भीती वाटत होती, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःलाही कधी सांगितली नव्हती.

त्या दिवसाचे बहुतेक सिलिंडर आदल्या दिवशीच भरून, हुंगून ठेवलेले होते. एका नवराबायकोच्या जोडीला लेक घेऊन जाणार होती. पण ऐनवेळी एक निवृत्त बँकवाले साहेब येऊन उभे राहिले. आयुष्यभर शार्कची चित्रं बघत आलो, आता खरे दाखवा, म्हणाले. त्यामुळे लेकीचा राहिलेला एक आणि साहेबांचा एक असे दोन सिलिंडर काकांना सकाळी भरावे लागले. इंजिन सुरू झालं. बाहेर वारा जमिनीकडून सुटला होता आणि पाइपावरचं फडकं समुद्राकडे तोंड करून फडफडत होतं. काका आत बसून नाक शिंकरत होते.

भरून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखी चावी सोडली, नाक पुढे केलं, हवा जिभेवर घेतली. काहीच कळलं नाही. काहीच वास नाही म्हणजे हवा चांगली, असं त्यांनी मनाशी ठरवलं. लेक दारात उभी होती. तिने विचारलं, नाक बसलंय का? ते म्हणाले, धूळ गेली असेल. आणि मान हलवली.

धक्क्यावरची एक रीत होती: आधी पाहुण्यांनी सिलिंडर घ्यायचे आणि जो उरेल तो गाइडने पाठीला लावायचा. जोडीने पुढचे दोन उचलले. बँकवाल्या साहेबांना लेकीने सकाळी भरलेल्या मागच्या दोनपैकी एक दिला आणि शेवटचा स्वतः घेतला. बोट गेली.

पुष्कळ वेळाने काकू सांधलेले पोशाख घेऊन आल्या. काका तेव्हा दुसऱ्या दिवसाचे सिलिंडर भरायला लागले होते. काकूंनी दारातच पदर नाकाला लावला.

"अहो, केवढा धूर कोंडलाय इथे. तुम्ही बसलात तरी कसे?"

काकांनी काकूंकडे बघितलं. मग ते बाहेर आले आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी मान वर करून पाइपाकडे पाहिलं. फडकं ताठ उभं होतं, समुद्राच्या दिशेला. हा वारा कधीपासून आहे, असं त्यांनी शेजारी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, उजाडल्यापासून असाच आहे की.

काकांनी इंजिन बंद केलं आणि बिनतारी संचावर बोटवाल्याला हाक मारली. चौघंही खाली उतरून वेळ झाला होता. काकांनी त्याला शिडी वाजवायला सांगितलं. बोटीची शिडी पाण्यात सोडलेली असे. तिच्यावर लोखंडी सळई ठणठण वाजवली की खाली दूरवर ऐकू जाई आणि सगळ्यांनी वर यायचं, असा संकेत होता. बोटवाल्याने का म्हणून विचारलं. काका म्हणाले, नंतर विचार, आधी वाजव. मग ते गुडघे विसरून धक्क्यावरून धावत सुटले. जेवणासाठी धक्क्याला आलेला राखणदार आपल्या बोटीत डबा उघडून बसला होता. तो डबा तसाच उघडा राहिला.

वाटेत संचावरून कळलं की जोडी वर आली आहे. लेक आणि साहेब आलेले नाहीत.

ते पोहोचले तेव्हा बोटवाला सळई वाजवून वाजवून घामाघूम झाला होता. जोडीतली बायको म्हणत होती, की साहेब एकटेच हसत हसत मोठ्या माशांच्या मागे गेले, गाइडताईंनी आम्हाला दोराला धरून वर जायची खूण केली आणि त्या साहेबांच्या मागे गेल्या. बोटीवर जादाचे दोन सिलिंडर होते, आदल्या दिवशीचे, चांगले. पोशाखाचा संच मात्र एकच होता. राखणदार म्हणाला, मी उतरतो, तुम्हाला सर्दी आहे, सर्दीत कान फुटतात हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. त्याचं बोलून होईपर्यंत काकांनी पट्टे आवळले होते. एक सिलिंडर पाठीवर, दुसरा हातात, आणि ते पाण्यात पडले.

पाण्यात खाली जाताना कानांवर दाब येतो. नाक चिमटीत धरून आत फुंकलं की तो सुटतो. डायव्हरला हे श्वास घेण्याइतकं सवयीचं असतं. पण त्यासाठी नाक मोकळं लागतं. काकांनी फुंकलं, काही सुटलं नाही. कानात कुणी सुया टोचत असल्यासारखं झालं. नियम असा की अशा वेळी थोडं वर यायचं आणि पुन्हा बघायचं. काका वर आले नाहीत. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकलं, आणि डाव्या कानात काहीतरी फाटलं. थंडगार पाणी आत शिरलं आणि सगळा समुद्र गरगर फिरायला लागला. त्यांनी दोर दोन्ही पायांत पकडला, डोळे मिटले आणि फिरणं थांबायची वाट बघितली. ते जरा कमी झाल्यावर पुन्हा खाली निघाले.

कितीतरी वर्षांनी ते तिथे आले होते. प्रवाळाची भिंत तशीच होती, उलट भरलेली. एक गोब्रा कपारीतून बाहेर आला, त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं, मिटलं आणि परत आत गेला. पलीकडे निळ्या पाण्यात शार्क फिरत होते, काकांच्या दिवसांत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यातला एक मोठा जवळून गेला, इतका की त्याच्या कल्ल्यांच्या चिरा दिसल्या. या एका दृश्यासाठी लोक जग पालथं घालून येत, आणि काकांनी त्याच्याकडे वाटेत आडव्या आलेल्या सायकलवाल्याकडे बघावं तसं बघितलं. त्यांना फक्त बुडबुडे शोधायचे होते.

बुडबुडे भिंतीच्या वळणापलीकडे दिसले. लेक वाळूवर गुडघे टेकून होती. एका हाताने तिने प्रवाळाच्या मेलेल्या दगडाला धरलं होतं, दुसऱ्या हाताने साहेबांचा पट्टा. साहेब कापडासारखे लोंबत होते, पण श्वास चालू होता. लेक वर जायला निघत होती आणि परत बसत होती, जणू काय करायचं ते आठवतंय आणि पुन्हा विसरतंय. बापाला बघून तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. काकांना त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्यांनी हातातल्या सिलिंडरची नळी तिच्या तोंडापुढे धरली. तिने ती घेतली आणि साहेबांच्या तोंडात घातली. आधी पाहुणा, मग आपण, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःच्या शिकवणीचा भयंकर राग आला. त्यांनी आपल्या पाठीवरच्या सिलिंडरची जादाची नळी ओढली, तिच्या तोंडातली काढली आणि ही खुपसली. ती दहाबारा श्वास नुसती घेत राहिली. मग तिच्या डोळ्यांत थोडं भान आलं. तिने हाताने विचारलं, काय? काकांनी तिच्या पाठीवरच्या सिलिंडरकडे बोट दाखवलं आणि हात आडवा हलवला: हवा खराब. ती हवा कुणी भरली होती, हे विचारायची गरज नव्हती. काचेमागून ती त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर काका पुढे कधी विसरले नाहीत.

दोघांनी साहेबांना मध्ये धरलं आणि दोराच्या आधाराने सावकाश वर आणलं. बोटीवर प्राणवायूचा संच होता. साहेब ओकले, मग रडले, मग दवाखान्यात संध्याकाळपर्यंत चांगले शुद्धीवर आले आणि मासे आपल्याकडे बघून हसत होते असं नर्सला सांगत राहिले. लेकीचं डोकं दोन दिवस ठणकलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ खाली राहिली असती तर मी तुमच्याशी हे बोललो नसतो. काकांच्या डाव्या कानाबद्दल ते म्हणाले, की तो गेला, आता येणार नाही. कान गेल्याचं काकांना काहीच वाटलं नाही. उलट थोडं बरं वाटलं.

मालकीणबाई धावत आल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आतच काका म्हणाले, "मला सर्दी होती. नाक बंद होतं. मी कुणाला सांगितलं नाही." साहेबांच्या खाटेशी जाऊनही त्यांनी हीच तीन वाक्यं म्हटली. मग खोलीची किल्ली काढून मालकीणबाईंपुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही, आणि नंतरही घेतली नाही. दुसरा माणूस मिळेपर्यंत बघू, म्हणाल्या. यंत्रात मात्र त्यांनी स्वतः बॅटरी घातली.

लेक तिसऱ्या दिवशी घरी बोलली. भांडण नव्हतंच. ताट बाजूला सारून ती शांतपणे म्हणाली,

"बाबा, सर्दी झालीय एवढं म्हणाला असतात तर मी खणातलं यंत्र काढून बॅटरी बदलली असती. एवढंच काम होतं."

काका म्हणाले, "हो."

त्यानंतर ती कामावर जायला लागली, पण बापाने भरलेला सिलिंडर तिने पाठीला लावला नाही. पाहुण्यांना काकांनीच भरलेले, यंत्राने तपासलेले सिलिंडर ती देई. स्वतःसाठी मात्र शेजारच्या दुकानातून एक भरून आणी आणि तो खांद्यावर टाकून काकांच्या दारावरून घेऊन जाई. लोकांनी बघू नये म्हणून ती लपवत नव्हती, आणि दिसावं म्हणूनही करत नव्हती. तिला भीती वाटत होती, बस. काका खुर्चीतून ते रोज बघत. घरी ती पूर्वीसारखी बोले, आईला मशिनची सुई ओवून देई, बापाला औषधाची आठवण करी. फक्त हवा त्यांची घेत नसे.

काकांनी एका संध्याकाळी काकूंना विचारलं, उद्यापासून सकाळी तू येशील का? काकू म्हणाल्या, माझ्या शिलाईचं काय? काका म्हणाले, तासाभराचं काम आहे. काकू आल्या. आता प्रत्येक सिलिंडर आधी यंत्र तपासे, मग काका हुंगत, मग काकू. काकूंना सुरुवातीला हे सगळं पोरखेळासारखं वाटायचं. मग त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. धक्क्यावर लोक गालातल्या गालात हसायचे. बोटवाला म्हणाला, आता काकांच्या घरात नाक कुणाचं चालतं ते कळलं. काकाही हसले.

असं चाललेलं असताना एका सकाळी, बोट सुटायची वेळ झाली होती, पाहुणे धक्क्यावर ताटकळत उभे होते. शेवटचा सिलिंडर राहिला होता. यंत्राने ठीक सांगितलं. काकांनी हुंगला. त्यांची सर्दी कधीच गेली होती, नाक पूर्वीसारखं लखलखीत होतं. हवा स्वच्छ होती, पैज लावून सांगावी इतकी स्वच्छ. त्यांनी तो काकूंपुढे केला. काकूंनी हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि कपाळाला आठी घातली.

"याला कसलातरी वास येतोय."

बोटवाला बाहेरून ओरडला, काका, उशीर होतोय. लेक शेजारच्या दुकानातला सिलिंडर घेऊन दारातून चालली होती, ती थांबली. काकांनी तो सिलिंडर परत स्वतःच्या नाकाशी नेला. काही नाही. तेलाचा नाही, धुराचा नाही, रबराचा नाही. या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी इतकी चांगली हवा क्वचितच भरली असेल. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं, पण येतोय असं वाटलं.

काकांनी सिलिंडर जमिनीवर आडवा ठेवला आणि चावी पूर्ण सोडली. हवा मोठ्याने सूं सूं करत बाहेर पडायला लागली. पाहुणे दचकून बघायला लागले. बोटवाल्याने कपाळाला हात लावला. काका गुडघ्यावर बसून, चावी धरून, तो रिकामा व्हायची वाट बघत राहिले. रिकामा झाल्यावर त्यांनी बाहेर जाऊन पाइपावरचं फडकं बघितलं, आत येऊन नळी जोडली आणि तो पुन्हा भरायला लावला.

लेक जवळ येऊन काहीतरी बोलली. ती त्यांच्या डाव्या बाजूला होती, आणि इंजिन चालू होतं. त्यांना ऐकू गेलं नाही. तिने खांद्यावरचा सिलिंडर खाली उतरवून भिंतीला टेकवला, वळसा घालून त्यांच्या उजव्या कानाशी आली आणि पुन्हा म्हणाली,

"बाबा, हा भरून झाला की मला द्या."